पहिली पन्नास मिनिटं: आमच्या सकाळच्या प्रकल्पाच्या नोंदी

५ जानेवारी, रविवार

गुरुवारी सकाळी माझ्या जोडीदाराने मला सांगितलं होतं की रात्री तीनपासून तो जागा आहे, नोकरी सोडायचा विचार डोक्यातून जात नाही. मी "हं" म्हटलं. संध्याकाळी मीच विचारलं, "एवढा का दमलायस?" तो म्हणाला, "सकाळी सांगितलं की तुला." आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला जास्त लागलं. नंतर आठवून पाहिलं. त्या वेळी हातात फोन होता आणि मी कुठल्यातरी बातमीखालच्या प्रतिक्रिया वाचत होते. बातमी कोणती होती, ते काही केल्या आठवेना.

आज दोघं बसलो आणि ठरवलं: उठल्यापासून पहिली पन्नास मिनिटं स्क्रीन नाही. गजर ६:१० चा, म्हणजे सात वाजेपर्यंत. फोन, लॅपटॉप, टीव्ही, मनगटावरचं घड्याळसुद्धा. पन्नासच का, तर त्याहून जास्त वेळ त्याच्या कामात बसत नाही, आणि कमी ठेवला तर मी तो अंथरुणातच संपवीन.

पण पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, फक्त मोजायचं. उशाशी कागद आणि पेन्सिल. जाग कधी आली, फोन कधी हातात घेतला, कशासाठी घेतला आणि अंथरुणातून कधी उठलो, एवढंच लिहायचं. हा आग्रह माझा. कुठून निघालो ते माहीत नसेल तर कुठे पोचलो तेही कळणार नाही.

१२ जानेवारी, रविवार

सात दिवसांचे कागद समोर आहेत. जाग आल्यापासून अंथरूण सोडेपर्यंत माझी सरासरी ३१ मिनिटं, त्याची २४. सातपैकी सहा दिवस मी पहिल्या दोन मिनिटांत फोन घेतला. त्याचा तर गजरच फोनवर, त्यामुळे त्याच्या डोळ्यांआधी फोन जागा होतो.

'कशासाठी' हा रकाना सगळ्यात बोलका निघाला. गजर बंद करणं, किती वाजले ते पाहणं, पाऊस आहे का ते पाहणं, आजच्या बैठका पाहणं. चारही कामं साधी, मिनिटभराची, आणि चारही खरी. उरलेला अर्धा तास त्या मिनिटाच्या पाठोपाठ आपोआप येतो. वेळ बघायला फोन उचलला आणि ठेवताना वीस मिनिटं गेलेली, असं चार वेळा लिहिलंय. दोन नोंदी त्याच्या अक्षरात आहेत.

यात आमच्या मनाचा कमकुवतपणा शोधायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ मध्ये सविस्तर मांडून ठेवलंय: बक्षीस दर वेळी मिळत नाही, कधी मिळेल ते सांगता येत नाही, तेव्हा ती कृती सोडणं सगळ्यात अवघड जातं. फोन उघडल्यावर कधी मैत्रिणीचा निरोप असतो, कधी काहीच नसतं. त्यात पान कधी संपतच नाही, ही सोय २००६ मध्ये ॲझा रॅस्किन यांनी तयार केली आणि पुढे त्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. अर्धवट जागं असलेलं माणूस अशा रचनेसमोर थांबणार कशाच्या जोरावर? थांबायची वेळ येण्याआधीच काहीतरी करायला हवं.

१३ जानेवारी, सोमवार

फोन खोलीबाहेर ठेवायचा, एवढं सोपं वाटलं होतं. रात्री यादी करायला घेतली आणि कळलं की तो आमच्याकडे नऊ कामं करतो. गजर, घड्याळ, विजेरी, हवामान, दिनदर्शिका, बातम्या, झोपताना ऐकायचा आवाज, रात्रीबेरात्री येऊ शकणारा घरचा फोन, आणि नववं काम त्याने लिहिलं: "जागं झाल्यावर बघायला काहीतरी."

आठ कामांना दुसरी जागा सापडली. उद्याच्या बैठका रात्री कागदावर उतरवायच्या. हवामान खिडकीतून. विजेरी खणात. बातम्यांनी सातपर्यंत थांबायचं. नवव्यासमोर प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

१५ जानेवारी, बुधवार

घड्याळाचं प्रकरण अपेक्षेपेक्षा मोठं निघालं. सेलवर चालणारं काट्यांचं गजराचं घड्याळ आणलं. दिव्याचे आकडे असलेलं नको, कारण अंधारात ते आकडे दिसले की "अजून किती वेळ झोप उरली" हा हिशेब सुरू होतो. रात्री दिवा मालवला आणि टिकटिक इतकी मोठी ऐकू यायला लागली की अर्ध्या तासाने तो उठून घड्याळ कपाटात, कपड्यांच्या घडीत ठेवून आला. सकाळी गजरही घडीतच वाजला. मला ऐकू आला, त्याला नाही.

त्यामागचं कारण आज समजून घेतलं. साध्या क्वार्ट्‌झ घड्याळाचा काटा दर सेकंदाला एक उडी मारून थांबतो, आवाज त्या उडीचा. काही घड्याळांत सेकंदकाटा न थांबता सलग सरकतो, ती जवळपास नि:शब्द असतात. तसं बदलून आणलं. काट्यांच्या घड्याळात गजराचा काटा मिनिटावर अचूक बसत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. आमचं चार मिनिटं आधी वाजतं. एकदा कळलं की त्या हिशेबाने काटा लावता येतो.

फोन आता बाहेर, बैठकीच्या खोलीत चार्जिंगला. त्याची खरी अडचण त्याची आई. त्या एकट्या राहतात. रात्री त्यांना काही झालं आणि आपल्याला कळलंच नाही तर, ही भीती मला पूर्ण मान्य आहे, तिला गप्प बसवून कुठलीही सकाळ शांत होणार नाही. 'व्यत्यय नको' लावल्यावरही तोच क्रमांक थोड्या वेळात पुन्हा आला तर घंटी वाजू देण्याची सोय फोनमध्ये असते. माझ्या फोनवर ही मुदत तीन मिनिटांची आहे, त्याच्यावर पंधरा मिनिटांची. ती सुरू केली. मग दार लावून मी आत झोपले आणि त्याने बाहेरून माझ्या क्रमांकावर दोनदा फोन लावला. ऐकू येतो. नुसतं मानून चालणार नव्हतं, करूनच बघायला हवं होतं.

१६ जानेवारी, गुरुवार

पहिली सकाळ. जमली. फार काही घडलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज भांडण झालं. तेही फोनशिवायच्या चौथ्या सकाळी.

मी जागी झाले की पूर्ण जागी होते. हातात फोन नाही, म्हणून मी बोलायला लागले. कालचं, आजचं, पडलेलं स्वप्न, आणि त्याने विषय काढला होता म्हणून त्याची नोकरी. तो एकेका शब्दात उत्तर देत होता. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "फोन होता तेव्हा निदान कारण तरी होतं. आता काय?" तो उठून दुसऱ्या खोलीत गेला.

दुपारी बोललो. त्याने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते: "मला तुझ्याशी बोलायचंच असतं. पण तेव्हा मी अजून आलेलोच नसतो."

इतकी वर्षं त्याचा सकाळचा फोन हा पडदा होता. पडद्याआड तो हळूहळू जागा होत होता आणि मला तिथे येऊ न देण्याचा तो सभ्य मार्ग होता. यादीतलं नववं काम हेच. आम्ही पडदा काढला, पण पडद्यामागे काय चाललंय ते कुणी विचारलं नाही.

जाग आल्यानंतरची ही जडता खरी असते. बहुतेकांची पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात ओसरते, काहींची त्याहून जास्त टिकते. तेवढा वेळ विचार आणि निर्णय दोन्ही मंद असतात. माणसं सकाळची असतात, संध्याकाळची असतात, बरीचशी मधली असतात. जेम्स हॉर्न आणि ओलॉव्ह ऑस्टबर्ग यांची याविषयीची प्रश्नावली १९७६ पासून वापरात आहे. आम्ही दोघांनी ती सोडवली. मी एका टोकाजवळ, तो मधल्या पट्ट्याच्या संध्याकाळकडच्या कडेला. माझ्या उत्साहाला मी आजवर प्रेम समजत होते. त्यात प्रेम आहेच, पण माझ्या शरीराचं घड्याळही आहे, आणि त्याच्या शरीराचं वेगळं आहे.

२० जानेवारी, सोमवार

आराखडा बदलला. पन्नास मिनिटांचे दोन भाग केले.

पहिला अर्धा तास ज्याचा त्याचा. एका घरात, पण एकमेकांकडून काहीही अपेक्षा नाही. 'उठलास का' नाही, 'काय विचार करतोयस' नाही. खांद्यावर हात ठेवून पुढे जायला मुभा आहे, उत्तराची गरज असलेलं वाक्य बोलायला नाही. मी अंग मोकळं करते, झाडांना पाणी घालते. तो खुर्चीत बसून राहतो, नुसता. पहिल्या दिवशी मला ते बघवेना. वाटलं, हा उदास आहे. विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मग ६:४० ते ७ दोघांचे. जागा खिडकीची.

खिडकी उगाच निवडलेली नाही. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नव्हे, उजाडलं की नाही हे मेंदूतल्या घड्याळाला कळवणं हे असतं. डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्या थेट दाखवून दिल्या. त्यांना भरपूर उजेड लागतो. घरातल्या दिव्यांचा उजेड साधारण १०० ते ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, उजाडल्यावर ढगाळ आभाळाखालीही हजार लक्सच्या वर जातो, आणि खिडकीपासून दोन पावलं मागे सरलं तरी तो झपाट्याने घटतो. म्हणून खुर्च्या खिडकीला अगदी खेटून.

यात माझा एक गैरसमजही दूर झाला. सकाळच्या फोनविरुद्ध 'निळा उजेड' हे कारण मी सगळ्यांना सांगत असे. तो मुद्दा रात्रीचा आहे. सकाळी निळसर उजेड शरीराला हवाच असतो, फक्त फोन तो पुरेसा देत नाही आणि मान खाली घालायला लावतो. फोन बाहेर ठेवण्याचं आमचं कारण उजेडाचं नाही. गुरुवारच्या त्या "हं"चं आहे.

२६ जानेवारी, रविवार

हाताची सवय जात नाही. बोलता बोलता काहीतरी आठवतं आणि हात रिकाम्या खिशाकडे जातो. म्हणून खिडकीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवलाय. 'बघायचंय' असं जे जे वाटेल ते लिहायचं, बघायचं सातनंतर. सहा दिवसांत दोघांच्या मिळून ३७ गोष्टी झाल्या. आज चाळल्या. खरोखर सातच्या आत बघायला हव्या होत्या अशा दोन निघाल्या, आणि दोन्ही रात्रीच कागदावर उतरवता आल्या असत्या. नऊ गोष्टी तर दोघांनाही ओळखू येईनात. 'निळी पिशवी?' हे माझं अक्षर आहे, अर्थ कुणालाच माहीत नाही.

वीस मिनिटांत काय बोलायचं ते ठरवलेलं नाही, मुद्दामच. एकदा मी प्रश्नांची चिठ्ठी करून बघितली, दुसऱ्याच दिवशी ती मुलाखत वाटायला लागली. आता नुसते बसतो. तो "तो बघ पक्षी" म्हणतो, मी बघते.

मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात नवविवाहित जोडप्यांचं वर्षानुवर्षं निरीक्षण केलं. त्यात त्यांनी अशाच बारीक गोष्टी मोजल्या: एकाने घातलेली लहानशी साद आणि दुसऱ्याचा प्रतिसाद. सहा वर्षांनी जी जोडपी एकत्र होती त्यांनी ८६ टक्के वेळा प्रतिसाद दिला होता, जी वेगळी झाली त्यांनी ३३ टक्के वेळा. असे आकडे वाचून मी आधी स्वतःला गुण द्यायला बसले असते. आता मला त्यातला पक्षी दिसतो. "तो बघ" ही साद आहे, आणि मान वर असेल तरच ती पोचते.

५ फेब्रुवारी, बुधवार

सोमवार-मंगळवार दोन्ही बुडाले. त्याच्या कामावर अडचण होती, साडेसहापासून फोन. तो कामात असताना मी नियम पाळायचा की नाही हे ठरलेलं नव्हतं, त्यामुळे मीही फोन घेतला आणि पुन्हा अंथरुणात अर्धा तास गेला. तो कामात होता, मी कशातच नव्हते.

फिलिपा लॅली यांचा सवयींवरचा अभ्यास या निमित्ताने पुन्हा काढला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये ९६ जणांनी ८४ दिवस रोज एक नवी गोष्ट केली. ती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता (८४ च्या पुढचे आकडे हिशेबाने काढलेले अंदाज). सगळे ६६ हा आकडा सांगतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त उपयोगी वाटते: एखादा दिवस चुकल्याने घडणाऱ्या सवयीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आज पुन्हा बसलो. कुणीही 'परत पहिल्यापासून' म्हटलं नाही.

नवा नियम: एकाचा दिवस कामात गेला तर दुसऱ्याने आपला अर्धा तास तरी सांभाळायचा आणि ६:४० ला खिडकीत जाऊन बसायचं. दुसरी खुर्ची रिकामी असली तरी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ज्याची भीती होती ते झालं. आईंनी पहाटे ५:५० ला फोन केला. घरात पाणी शिरत होतं, नळाची जोडणी सुटली होती. त्यांनी एकदाच केला. आम्हाला कळलं सात वाजता. तोवर त्यांनी शेजाऱ्यांना उठवून पाणी बंद करून घेतलं होतं.

आम्ही दोनदा फोन लावून परीक्षा केली होती, पण त्या दोनदा लावणाऱ्या नाहीत. त्यांचं म्हणणं, "झोपला असाल, म्हटलं कशाला उठवू." संकटात माणूस लगेच पुन्हा फोन लावेल हे त्या सोयीमागचं गृहीतक. ज्यांना आपला त्रास दुसऱ्याला द्यायचा नसतो त्यांच्यासाठी ते चुकीचं आहे, आणि आईंना ओळखत असूनही हे आमच्या लक्षात आलं नाही.

तो दिवसभर फार अस्वस्थ होता. "बंद करूया का हे सगळं?" मीच विचारलं. तो म्हणाला, "नको. नीट करूया." त्यांचा आणि माझ्या बहिणीचा क्रमांक आता दोघांच्याही फोनमध्ये असा ठेवलाय की पहिल्याच वेळी घंटी वाजेल. त्यासाठी वेगळा सूर लावलाय, ऐकला की दोघांपैकी कुणीही धावेल. आईंना हे समजावून सांगितलं आणि त्यांच्याकडूनच फोन करवून घेतला. आत ऐकू आला तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले.

हे काम पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं. कुणी असं काही सुरू करणार असेल तर फोन बाहेर ठेवण्याआधी हे करावं, घड्याळ त्यानंतर आणावं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

त्याने विचारलं, खोलीतच पण खणात ठेवला तर काय बिघडतं? एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांचा २०१७ मधला एक अभ्यास आहे: फोन नुसता टेबलावर पालथा असला तरी लक्ष आणि विचार यांच्या चाचण्यांत लोक मागे पडले, दुसऱ्या खोलीत असला तर कमी. पुढे सगळ्यांना तसाच निकाल मिळालेला नाही, म्हणून त्यावर मी फार भार टाकत नाही. आमच्यापुरतं तीन दिवस करून पाहिलं. खणात असताना मी दोनदा खण उघडला. बाहेर असताना शून्य वेळा उठले. फोन बाहेरच.

१२ मार्च, बुधवार

पहिल्या बदलाचा कागद काढला १३ जानेवारीला, म्हणजे आजचा ५९वा दिवस. हिशेब मांडते. ५९ पैकी ४६ सकाळी पूर्ण जमल्या, सात अर्ध्या, सहा बुडाल्या. त्या सहापैकी तीन सुरुवातीचे, नुसत्या तयारीचे. जाग आल्यापासून अंथरूण सोडेपर्यंत माझी सरासरी आता ६ मिनिटं, त्याची ११. त्याचा आकडा आणखी खाली आणायचा नाही, त्या अकरा मिनिटांत तो येत असतो.

आपोआप होतंय का? अर्धा तास, हो. रात्री फोन बाहेर ठेवणं, अजून नाही, रोज आठवण लागते. सातचा क्षण तर मुळीच नाही. पन्नास मिनिटं साचलेलं सगळं एकदम अंगावर येतं आणि दोघंही खिडकीतून ताडकन उठतो. त्यावर काय करायचं ते सुचलेलं नाही. मला वाटतं, आधी निरोप बघायचे आणि बातम्या प्रवासात, एवढं तरी वेगळं करून पाहावं.

त्याच्या नोकरीचं अजून ठरलेलं नाही. पण आता त्यातले टप्पे मला माहीत आहेत. आधी सोडायची होती, मग वरिष्ठांशी बोलायचं होतं, परवा बोलला, उत्तर महिनाअखेरीस मिळेल. हे सगळं खिडकीत कळलं, बहुतेक ६:५० नंतर, बाहेर बघत बघत.

आज त्याने विचारलं, अंथरुणातला तो वेळ वाचलाच आहे तर गजर पंधरा मिनिटं पुढे सरकवूया का, झोप तेवढी जास्त मिळेल. मी हो म्हटलं. काटा ६:२५ वर लावायचा, अधिक चार मिनिटं.